प्रेशर पंप: नट पिळण्याआधी टाकीतली हवा मोजा

नाशिकमध्ये अपार्टमेंटच्या शेवटच्या मजल्यावर शॉवरला धार नसते, कारण गच्चीवरची टाकी त्याच्या जेमतेम तीन मीटर वर असते. दहा मीटर उंचीला साधारण १ बार दाब, म्हणजे इथे ०.३ बार. म्हणून प्रेशर पंप बसतो. पुढे कधीतरी नुसता हात धुतला तरी पंप खट्‌खट्‌ चालू-बंद व्हायला लागतो आणि कुणीतरी दाबानुसार पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचचं झाकण उघडून नट पिळतं. दोष बहुधा शेजारच्या गोल टाकीत असतो.

टाकीत रबरी फुगा असतो: आत पाणी, बाहेर दाबलेली हवा. समजा टाकी २४ लिटरची, हवा १.२ बार, पंप १.४ ला चालू आणि २.८ ला बंद. मग पंप न लागता सुमारे ८ लिटर पाणी मिळतं. पंप २ बारलाच बंद केला, तर जेमतेम साडेचार. हवा कमी झाली की हा साठाही घटतो आणि पंप खट्‌खट्‌ करायला लागतो.

हवा मोजायची ती टाकी रिकामी असताना. भरलेल्या टाकीवर गेज पाण्याचाच दाब दाखवतं. एमसीबी (पंपाच्या विजेचा सर्किट ब्रेकर) पाडा, गच्चीच्या टाकीचं पाणी येणारा व्हॉल्व्ह बंद करा आणि नळ उघडून दाब शून्यावर आणा. टाकीवरचा व्हॉल्व्ह गाडीच्या ट्यूबसारखाच असतो, त्यामुळे टायरचं गेज आणि पायपंप चालतो. हवा चालू-दाबापेक्षा (पंप ज्या दाबाला सुरू होतो त्यापेक्षा) ०.२ बार कमी ठेवा. पिन दाबल्यावर पाणी आलं तर फुगा फाटलाय. मग स्विचशी खेळण्यात अर्थ नाही.

नाशिकची थंडीही इथे नडते. मे महिन्यात ३५ अंशांना भरलेली १.४ बार हवा जानेवारीच्या पहाटे १० अंशांना १.२ वर येते. गळती शोधत बसू नका, थोडी हवा भरा.

एवढं करून भागलं नाही तरच नट. झाकणाखाली २३० व्होल्ट असतात, तेव्हा एमसीबी खालीच असू द्या आणि टेस्टर लावून खात्री करा. दोन स्प्रिंगांच्या स्विचमध्ये मोठा नट घट्ट केला की चालू आणि बंद दोन्ही दाब वाढतात; लहान नटाने फक्त बंद होण्याचा. अर्धा फेरा द्या, झाकण लावा, पंप चालवून गेज बघा. चालू-दाब बदलला की हवाही बदलायची, हे हमखास विसरलं जातं.

बंद-दाब पंपाच्या ताकदीबाहेर नेऊ नका. पाटीवर कमाल हेड (पंप पाणी जास्तीत जास्त किती उंच चढवतो ते) ३० मीटर असेल तर पंप ३ बारच्या आसपास थकतो. स्विच ३.२ वर लावलात तर तो बंदच होणार नाही. नळ बंद असताना तेच पाणी घुसळत राहील, पाणी तापेल आणि सील जाईल.

बोअरचं पाणी असेल तर स्विचखालची बारीक निपल (छोटी जोडनळी) काढून बघा. क्षारांनी ती बुजली की स्विचला दाब उशिरा कळतो आणि नट कितीही फिरवला तरी आकडे जुळत नाहीत. तारेने भोक मोकळं करा, आट्यांवर नवी टेफ्लॉन टेप गुंडाळा आणि मगच सेटिंग तपासा.