टाच दुसऱ्या दिवशी बोलते

पलंगावरून उतरताना उजवी टाच फरशीला टेकते आणि टाचेमागची शीर कुरकुरते. चारपाच पावलं लंगडत जातात, चहा होईस्तोवर पाय मोकळा होतो. धावायला निघालो की नागपुरातल्या फुटाळा तलावाच्या काठाने पहिला किलोमीटर जड, दुसऱ्यात जरा बरं आणि आठव्यात दुखणं कोणत्या पायात होतं तेही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरलं की पुन्हा तेच. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी पावसाळ्यात अंतर वाढवायला घेतलं आणि ऑगस्टमध्ये हे मागे लागलं.

ग्रुपमधला सल्ला ठरलेला. "काऊन लंगडून राहिला भाऊ? पंधरा दिवस आराम कर ना!" मी तीन आठवडे केला. टाच गप्प झाली. चौथ्या आठवड्यात सेमिनरी हिल्सचा चढ घेतला आणि दुसऱ्या सकाळी दुखणं जागच्या जागी हजर.

आपण जिला शीर म्हणतो ती रक्तवाहिनी नाही, नसही नाही. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारा तो जाड दोर आहे, अकिलीस टेंडन. शरीरातला सगळ्यात जाड टेंडन हाच. दिसायला दोर, पण काम स्प्रिंगचं. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 1987 साली याचा हिशेब मांडला होता. 70 किलोचा माणूस चांगल्या वेगाने धावतो तेव्हा प्रत्येक पावलाला जेवढी ऊर्जा शोषून परत द्यावी लागते, तिच्यातली साधारण 35 टक्के हा टेंडन सांभाळतो आणि 17 टक्के तळपायाची कमान. म्हणजे निम्मं धावणं या दोन स्प्रिंगांवरच चालतं.

फुकट मात्र काही नाही. धावताना या टेंडनवर वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. माझं वजन 60 किलो, म्हणजे कमीत कमी 360 किलो. मिनिटाला 165 पावलं आणि 10 किलोमीटरला 65 मिनिटं धरली, तर एकट्या उजव्या टाचेच्या वाट्याला हा ओढा पाच हजार तीनशेहून जास्त वेळा येतो. कुरकुरणार नाही तर काय!

स्नायूला रक्त भरपूर, म्हणून तो लवकर सावरतो. टेंडनचं तसं नाही. तिथे रक्तवाहिन्या थोड्या आणि पेशीही थोड्या, बाकी सगळे कोलॅजन या प्रथिनाचे घट्ट धागे. हे धागे किती जुने असतात, याचा पत्ता लागला तो अणुचाचण्यांमुळे. 1955 ते 1963 या काळात उघड्यावर झालेल्या स्फोटांनी हवेतला कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, जवळजवळ दुप्पट केला. तो पिकांत गेला, अन्नातून माणसांत गेला आणि पुढे हवेतून हळूहळू ओसरला. त्यामुळे शरीरातला एखादा धागा कोणत्या काळात विणला गेला, हे त्यातल्या कार्बनवरून सांगता येतं. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 मध्ये मृतदेहांमधले अकिलीस टेंडन असे तपासले. गाभ्यातले धागे पहिल्या सतरा वर्षांत, उंची वाढत असतानाच तयार झालेले निघाले. नंतर तिथे जवळपास काहीच बदललेलं नव्हतं. आज माझी टाच जो दोर ओढतो, तो मी अकरावीत असतानाचाच आहे.

म्हणून आरामाने दुखणं निवतं, दोर मजबूत होत नाही. उलट तीन आठवडे ओढ नसल्याने पोटरी आणि टेंडन दोन्ही थोडे ढिले पडले आणि मी त्यांना थेट चढावर नेलं. बिघडलेल्या टेंडनसाठी ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी डोनटची उपमा दिली आहे. आपण मेदूवडा म्हणू. भोक म्हणजे टेंडनचा बिघडलेला भाग. ते बुजवायच्या मागे लागू नका, भोवतालचा वडा दणकट करा. आणि तो दणकट होतो ओझ्यानेच.

हा विचार रुजला स्वीडनमध्ये. हाकन आल्फ्रेडसन हे हाडांचे डॉक्टर स्वतः धावायचे आणि त्यांची टाच दुखायची. त्यांच्या वरिष्ठांनी ऑपरेशनला नकार दिला. मग टेंडन एकदाचा तुटावा, म्हणजे ऑपरेशन करावंच लागेल, या हट्टाने त्यांनी तो जोरात ताणायला घेतला आणि बरे झाले, असा किस्सा सांगतात. 1998 मध्ये त्यांनी 15 धावपटूंवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहायचं, टाच हळूहळू खाली न्यायची, वर येताना दुसऱ्या पायाचा आधार घ्यायचा. 15 वेळांचे तीन फेरे, गुडघा सरळ ठेवून आणि मग वाकवून, दिवसातून दोनदा. एकूण 180. बारा आठवड्यांनी पंधराही जण पुन्हा धावत होते. नंतरच्या अभ्यासांत यश इतकं सरसकट दिसलं नाही, पण ओझं हेच औषध ही गोष्ट टिकली. दुखणं टेंडनच्या मध्यावर नसून अगदी हाडाशी असेल, तर मात्र टाच पायरीच्या खाली नेऊ नये.

मग धावणं बंद ठेवायचं का? याचंही उत्तर स्वीडनमधूनच आलं, 2007 साली. व्यायाम करणाऱ्या रुग्णांच्या एका गटाला धावायला-उड्या मारायला मुभा दिली, दुसऱ्याला सहा आठवडे मनाई केली. बरं होण्यात फरक पडला नाही. अट मात्र होती: दुखणं दहापैकी पाचाच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते निवलं पाहिजे. ही सकाळची अट मला सगळ्यात पटते, कारण धावताना टेंडन गरम होऊन खोटं बोलतो. शिवाय जोरदार व्यायामानंतर साधारण दीड दिवस टेंडनमध्ये कोलॅजनची मोडतोड बांधणीपेक्षा जास्त असते. रोज जोरात धावलात, तर बांधणीची पाळी येतच नाही.

अंतर आठवड्याला दहा टक्क्यांनी वाढवा, हा नियम प्रत्येक कोच सांगतो. नेदरलँड्समध्ये 2008 साली नवख्या धावपटूंवर तो तपासला, तर नियम पाळणारे आणि भराभर वाढवणारे, दोन्हीकडे दर पाचांतला एक जखमी. 2025 मध्ये पाच हजारांवर धावपटूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा खरा धोका आठवड्याच्या बेरजेत नाही, एकाच धावेत दिसला. मागच्या तीस दिवसांतल्या सर्वांत लांब धावेच्या दुपटीपुढे गेलं, की दुखापतीची शक्यताही दुपटीच्या वर. रविवारी ग्रुपच्या नादाने 10 चे 21 करणारे आपल्यात कमी नाहीत.

खापर फोडायला नागपूरचे सिमेंट रस्ते आहेतच. पण जमीन कडक लागली की पाय आपोआप जरा मऊ होतो, त्यामुळे रस्त्याचा दोष वाटतो तेवढा नसतो. त्याहून मोठा गुन्हेगार घरच्या औषधांच्या डब्यात सापडेल. पोट बिघडलं की आपण मनानेच सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक घेतो. या जातीच्या औषधांनी टेंडन फाटू शकतो, म्हणून अमेरिकेत 2008 पासून त्यांवर चौकटीतला इशारा छापतात. टाचेमागे कुणी काठी मारल्यासारखं वाटून 'फट्' आवाज आला, किंवा हाडावर एकाच बिंदूला दुखून रात्री झोप उडाली, तर पायरी सोडा आणि डॉक्टर गाठा.

मी रात्री जेवण झालं की जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर उभा असतो. पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो तांदूळ. परवा वरच्या मजल्यावरच्या काकू थबकल्या, "गावाला चालला का रे?"

म्हटलं, नाही काकू, इथेच आहे. आज सकाळचा आकडा दोन होता.