सह्याद्रीतील स्वयंसेवी गिरिबचाव

सह्याद्रीचे कडे, घळी, धबधबे आणि घाटरस्ते येथे अडकलेल्या, जखमी किंवा बेपत्ता व्यक्तींचा शोध घेऊन त्यांना सुखरूप पायथ्याशी आणणे, तसेच दरीतील मृतदेह बाहेर काढणे हे काम स्थानिक गिर्यारोहक विनावेतन करतात. बोलीत त्याला सर्रास ‘रेस्क्यू’ म्हणतात. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स, पनवेलची निसर्गमित्र या संस्था त्यासाठी परिचित आहेत. संस्थांमधील समन्वयासाठी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही यंत्रणा गेल्या दशकात उभी राहिली. 

उगम : संघटित गिरिबचावाचा आरंभ सामान्यतः १८९६ पासून धरतात. त्या वर्षी ऑस्ट्रियातील राक्स पर्वतावर हिमलोट कोसळून तीन गिर्यारोहक मरण पावले आणि त्यानंतर व्हिएन्नात बचाव समिती स्थापन झाली. आल्प्समधील सेंट बर्नार्ड खिंडीतील मठवासी त्याआधी कित्येक शतके वाटसरूंना वाचवत असल्याने काहीजण हा मान त्यांना देतात. मात्र ते कार्य धर्मशाळेच्या परंपरेतले असल्याने त्याला आजच्या अर्थाने बचाव पथक म्हणणे अवघड आहे. संकटसूचक खूण त्याच सुमाराची. मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा प्रकाश, मग एक मिनिट विराम, आणि उत्तरादाखल मिनिटाला तीन, हा संकेत क्लिंटन डेंट या ब्रिटिश गिर्यारोहकाने १८९४ मध्ये सुचवला. तो आजही शिकवला जातो. प्रत्यक्षात अडकलेला माणूस आधी मोबाइलच काढतो.

सह्याद्रीपुरता प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. एका मतानुसार ही परंपरा शहरी गिर्यारोहण संस्थांतून आली. मुंबईत गिरिविहार १९५४ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट आणि १९६५ मध्ये उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्था सुरू झाली. तेथून शिकून आलेल्यांनी दोराचे तंत्र इकडे आणले, आणि सोबत्याला अपघात झाला की तेच उतरले. दुसरे मत घाटाखालच्या व घाटावरच्या वस्त्यांकडे बोट दाखवते. जनावर कड्यावर अडकले, कोणी मध काढताना पडला, तर वेलाचा किंवा काथ्याचा दोर लावून उतरणारे आणि कांबळ्याची झोळी दोन बांबूंना बांधून आजाऱ्याला खाली नेणारे महादेव कोळी, ठाकर, कातकरी हे या मतानुसार खरे पूर्वसूरी. या दुसऱ्या परंपरेची लेखी नोंद फारशी नाही, त्यामुळे तिचा काळ ठरवता येत नाही. तरीही संस्थांचा नकाशा पाहिला तर तिच्या बाजूने एक गोष्ट दिसते : बचावाच्या कामामुळे नावारूपाला आलेल्या संस्था बहुतांशी मुंबई-पुण्यात नसून बोरघाट, आंबेनळी यांसारख्या घाटांच्या तोंडाशी वसलेल्या गावांत आहेत. जुन्या क्लबांनी तंत्र पुरवले, पण पथके अपघात जिथे होतात तिथेच उभी राहिली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. वाटाड्या आजही गावातलाच असतो, आणि कुठल्या नाळेतून (कड्यामधल्या अरुंद घळीतून) वाट निघते हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

ऋतुमान : जून ते सप्टेंबरमध्ये धबधबे, अचानक वाढणारे ओढे, शेवाळलेला कातळ आणि धुक्यात चुकलेली वाट ही कारणे प्रमुख असतात. पावसाळा सरला की आग्या मोहोळांचा त्रास वाढतो. कड्याला लटकलेली ही मोहोळे उठली तर बचाव करणाऱ्यांनाही थांबावे लागते. अंधार पडल्यावर माश्या शांत होतात आणि काम सोपे होते हा समज पूर्ण खरा नाही, कारण आग्या माश्या चांदण्या रात्री उडतात आणि विजेरीच्या उजेडाकडे झेपावतात. मार्च ते मे हा उष्माघाताचा आणि पाणी संपल्याचा काळ.

तंत्र : सह्याद्रीचा खडक बेसाल्टचा. त्याचे भक्कम थर व ठिसूळ पट्टे आलटून पालटून येतात, त्यामुळे दोर बांधायला भरवशाची जागा शोधण्यातच बराच वेळ जातो. जखमीला शक्यतो वर ओढत नाहीत, खाली सोडतात. घाटातील अपघातात मात्र रस्ता वर आणि माणूस खाली, तेव्हा ओढण्यावाचून गत्यंतर नसते. कप्प्यांची (पुलींची) ‘तीनास एक’ रचना कागदावर ताकद तिप्पट करते, पण एक मीटर चढवायला तीन मीटर दोर ओढावा लागतो आणि काठावरच्या घर्षणात बराच लाभ वाया जातो. म्हणून काठाच्या धारेवर गोणपाटाच्या घड्या किंवा जाड आवरण घालतात. तेथे वॉकीटॉकी घेऊन पालथा पडलेला एक जण ‘खेचा’, ‘थांबा’ एवढेच बोलत राहतो. बाकीच्यांना खालचे काही दिसत नसते. रस्ता मोकळा असेल तर पंधरा-वीस जण सरळ हातानेच दोर ओढत चालत जातात. स्ट्रेचरला एका वेळी सहा खांदे लागतात आणि दर काही मिनिटांनी ते बदलावे लागतात, त्यामुळे लांबच्या गडावरून एका माणसाला उतरवायला पंचवीस-तीस जणही कमी पडू शकतात.

हार्नेसमध्ये (दोराला जोडण्यासाठी कमरेला व मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांत) बराच वेळ निश्चल लटकलेल्या व्यक्तीचे काय करावे, याविषयी मतभेद आहेत. पाय न हलल्याने रक्त खालच्या अंगात साचते, हृदयाकडे कमी परतते आणि शुद्ध हरपते, इथवर एकमत आहे. १९७२ च्या इन्सब्रुक येथील बचाव-वैद्यांच्या परिषदेत सुटकेनंतर दगावलेल्यांची चर्चा झाली. पुढे असा सल्ला रूढ झाला की सोडवलेल्यास एकदम आडवे करू नये, अर्धा तास बसते ठेवावे, नाहीतर साचलेले रक्त हृदयावर आदळते. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारिणीने २००९ मध्ये उपलब्ध पुरावा तपासला, तेव्हा या सल्ल्याला आधार आढळला नाही. नेहमीच्या प्रथमोपचाराप्रमाणे आडवे करणेच योग्य, असे त्या परीक्षणाने सुचवले. अलीकडचा कल याच बाजूला आहे. जुना सल्ला मात्र प्रशिक्षण वर्गांत अजून ऐकू येतो.

उल्लेखनीय घटना : २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात कोसळली. एकच प्रवासी बचावला. महाबळेश्वर व परिसरातील गिर्यारोहकांनी पावसात दरीत उतरून मृतदेह वर काढले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, यंत्रे चढवता येत नव्हती, खराब हवामानामुळे हेलिकॉप्टरही उपयोगी पडले नाही. माती फावड्यांनी उपसावी लागली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जोडीने स्थानिक ट्रेकर चिखलाच्या पायवाटेवर राबत होते. मदतीसाठी चढत असताना नवी मुंबई अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. २७ मृतदेह मिळाले. ५७ जण बेपत्ता असताना २३ जुलैला शोध थांबवण्यात आला.

शासनाशी संबंध : आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, तर राष्ट्रीय दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ आहे. ती पोहोचेपर्यंतचे पहिले तास बहुधा स्वयंसेवकांच्याच वाट्याला येतात. महाराष्ट्रात २०१४ पासून धावणारी १०८ रुग्णवाहिका पायथ्यापर्यंत येते, त्यापुढे नाही. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत ३५० जिल्ह्यांतील एक लाख स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले, पण तिचा भर पूर, दरड, वादळ यांवर आहे, दोरकामावर नाही.

मृतदेह हलवण्यापूर्वी पोलिसांची परवानगी व पंचनामा लागतो (पूर्वी दंड प्रक्रिया संहितेचे कलम १७४, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४). दरीत हवालदार उतरू शकत नसेल तर उतरणाऱ्याने काढलेली छायाचित्रे कामी येतात. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास कायदेशीर जाचापासून संरक्षण देणारे मोटार वाहन कायद्यातील कलम १३४-अ २०१९ च्या दुरुस्तीने आले. त्याची भाषा मोटार अपघातापुरती आहे. त्यामुळे घाटात कोसळलेल्या गाडीसाठी उतरलेला स्वयंसेवक त्याचा आधार घेऊ शकतो, शेजारच्या कड्यावरून ट्रेकरला उतरवणारा नाही.