पद्मिनीच्या दारातली शिट्टी

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली; आता कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या या गाड्या उरल्या आहेत त्या मुख्यतः जिवापाड जपणाऱ्या मालकांकडे. शहरात विनातक्रार धावणारी ही गाडी महामार्गावर ताशी ७० किलोमीटरच्या पुढे गेली, की चालकाच्या उजव्या कानाशी आधी सुस्कारा, मग शिट्टी आणि शेवटी शेजारच्याचे बोलणे बुडवणारा घोंघाट सुरू होतो. वारा फटीतून आत घुसतो आहे अशा समजुतीने मालक बाजारातले सर्वांत जाड बीडिंग, म्हणजे दाराच्या कडेची रबरी पट्टी, आणून दाराला बसवतो. आवाज मात्र बहुतेक वेळा तसाच राहतो, कारण अशा फटीतून हवा आत येत नसते. ती बाहेर ओढली जात असते.

समोरच्या काचेवरून बाजूला वळणारी हवा काचेशेजारच्या खांबाला वळसा घालताना वेग घेते, खांबामागे तिचा भोवरा तयार होतो आणि दाराच्या काचेच्या पुढच्या भागावर बाहेरचा दाब आतल्यापेक्षा कमी होतो. ताशी ८० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा गतिजन्य दाब सुमारे ३०० पास्कल भरतो. बाहेरचा दाब तेवढाच खाली गेला असे धरले, तर पाव चौरस मीटर काचेला बाहेर खेचणारे बल साडेसात किलो वजनाइतके होते. काचेभोवतीची चौकट पातळ पत्र्याची असून तिला भक्कम आधार फक्त खालून, दाराच्या अंगातून मिळतो. त्यामुळे तिचा वरचा भाग किंचित बाहेर झुकतो आणि उभ्या गाडीत घट्ट टेकलेले रबर धावत्या गाडीत टेकेनासे होते. त्या बारीक फटीतून सुटणाऱ्या हवेचा झोत समोरच्या कडेवर आपटून थरथरू लागला, की बासरीच्या तोंडाशी घडते तेच येथे घडते. खळबळत्या हवेचा पृष्ठभागांवर उठणारा आवाज तर वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतो. म्हणजे ताशी ६० वरून ८० वर जाताना त्याची ऊर्जा साडेपाच पटींहून अधिक होते.

पद्मिनीच्या पुढच्या दारातली छोटी तिकोनी काच नेमकी या भोवऱ्यात बसते. ती थोडी तिरपी उघडली, की तिच्या मागच्या कडेशी असलेला कमी दाब आतली गरम हवा ओढून घेतो. वातानुकूलन नसलेल्या त्या काळात हा मोठा दिलासा होता. तिची खिटी झिजली किंवा भोवतीचे रबर कडक झाले, की तोच कमी दाब शिट्टी वाजवतो. म्हणून शोधाची सुरुवात येथूनच करावी असे माझे मत आहे.

सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे रंगारी वापरतात तो मास्किंग टेप. दाराभोवतीच्या आणि छोट्या काचेच्या सगळ्या फटी बाहेरून टेपने बंद करून गाडी एका ठरावीक वेगाने चालवावी, मग एकेका भागाचा टेप काढत पुन्हा चालवावी; ज्या भागाचा टेप निघताच आवाज परततो, तो भाग दोषी. त्या जागी रबराला खडू घासून दार एकदाच बंद करून उघडावे. चौकटीवर उमटलेली पांढरी रेघ जेथे तुटते, तेथे रबर टेकलेलेच नसते. दारात कागदाची पट्टी धरून ती ओढून पाहिली, तर दाब कोठे कमी आहे हेही हाताला कळते.

दुरुस्तीत रबराचा क्रम शेवटचा आहे. उघडे दार मागच्या टोकाला धरून वर उचलावे. ते हलले तर बिजागरीची पिन झिजलेली आहे आणि दार खाली लोंबते आहे. आधी ती बदलावी, नंतर कुलपाची खाच असलेली पट्टी सरकवून दार आत घ्यावे आणि गरज असेल तरच, अनुभवी डेंटरकडून, चौकटीचा वरचा भाग थोडा आत वळवून घ्यावा. हे न करता जाड बीडिंग भरले तर दार बाहेर ढकलले जाते, आणि मागच्या दाराची पुढची कड बाहेर आली की ती वारा झेलून नवाच आवाज काढते. ही कड पुढच्या दारापेक्षा केसभर आतच हवी.

जुने नैसर्गिक रबर ओझोनमुळे तडकते, कारण त्याच्या साखळीतील दुहेरी बंध ओझोन तोडतो. ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत असे बंध नसल्याने ते ऊन आणि ओझोन कितीतरी अधिक काळ सोसते. पोकळ नळीचे मऊ बीडिंग घ्यावे, कोपऱ्यात ते ताणू नये, कारण ताणले की ते तेथेच पातळ होते. नळीवरची बारीक छिद्रे गोंदाने बुजवू नयेत; दार लावताना आतली हवा त्यांतूनच बाहेर पडते. दाराच्या तळाची पाणी निघण्याची भोकेही मोकळी ठेवावीत, नाहीतर पावसाळ्यात पत्रा आतून गंजतो.

डिकीचे रबरही याच वेळी तपासावे. तेथे आवाज होत नाही म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते, परंतु गाडीमागच्या कमी दाबाच्या पट्ट्यात धुराड्यातला धूर घुटमळतो आणि पुढच्या काचा उघड्या असताना तो डिकीच्या फटीतून आत ओढला जाऊ शकतो. त्यात वास नसलेला, विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो. काम झाल्यावर पुन्हा एकदा सर्वत्र टेप लावून गाडी चालवावी. टेप असताना आणि नसताना आवाज सारखाच येत असेल, तर उरलेला आवाज छताच्या पन्हळीचा आणि आरशाचा आहे, आणि तो दाराच्या रबराने कमी होणार नाही.