नवगाव दफनभूमी

नवगाव दफनभूमी : रायगड जिल्ह्यात अलिबागच्या उत्तरेस, समुद्रकिनाऱ्यालगतच्या नवगाव या खेड्यातील बेने इस्रायल समाजाची प्राचीन दफनभूमी. मराठी ही मातृभाषा असलेल्या या ज्यू समाजाच्या परंपरेनुसार त्याचे पूर्वज ज्या गलबतातून येत होते ते येथील किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि वाहून आलेली प्रेते ग्रामस्थांच्या साहाय्याने येथेच पुरण्यात आली. या घटनेचा काळ कोणी इसवी सनापूर्वीचा मानतात, तर कोणी त्यानंतर कित्येक शतकांचा. ही परंपरा हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये पूर्ण केलेल्या समाजाच्या इतिहासात नोंदविली असून तो ग्रंथ १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. त्यांचे आडनाव ज्या किहीम गावावरून आले ते नवगावपासून जवळच आहे. नवगावकर, रोहेकर, पेणकर, चेऊलकर, दिवेकर अशी या समाजाची आडनावे म्हणजे कोकणपट्टीतील गावांची यादीच होय.

शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’ म्हणून हे लोक कोकणात ओळखले जात. अठराव्या शतकापासून त्यांतील अनेक कुटुंबे मुंबईस गेली व १९४८ नंतर बहुसंख्य लोक इस्रायलमध्ये स्थायिक झाले. त्यामुळे कोकणातील पुष्कळ गावांत समाजाचे एकही घर उरले नाही, दफनभूमी मात्र राहिली. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे कबर कायमची असते. ती उकरून जागा पुन्हा वापरता येत नाही. साहजिकच, जिथे राखणारे घर नाही तिथे ही जबाबदारी गावाकडे आणि दुरून येणाऱ्या वंशजांकडे येते.

नवगावला आज स्मारकस्तंभ उभा आहे आणि येणाऱ्याची नजर प्रथम त्याच्याकडेच जाते. जतनाच्या दृष्टीने मात्र तेथील सर्वांत मोलाची आणि सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे जुन्या थडग्यांचे लेख नसलेले ओबडधोबड दगड. ते साधे धोंडेच वाटतात, म्हणून साफसफाईच्या उत्साहात हलवले जातात, कुंपणाच्या गडग्यात घातले जातात किंवा फरशीखाली गाडले जातात. एकदा दगड हलला की कबर कुठे होती हे सांगणारा दुसरा पुरावा राहत नाही. म्हणून झाडलोटीच्या आधी नोंद झाली पाहिजे : प्रत्येक दगडाला नकाशावर क्रमांक द्यावा, मापपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द मोजून ती सातबाऱ्याशी ताडून पाहावी.

कोकणातील नंतरच्या काळच्या थडग्यांवर हिब्रू, मराठी व इंग्रजी लेख आढळतात. हिब्रू लेखाच्या आरंभी पुष्कळदा ‘पे’ आणि ‘नून’ ही दोन अक्षरे असतात. ‘येथे पुरले आहे’ या शब्दांचा तो संक्षेप. ज्यू वर्षातून ३७६० वजा केले की साधारणपणे इसवी सन मिळतो. वर्षारंभीच्या शरद ऋतूतील तारखांसाठी ३७६१ वजा करावे लागतात. झिजलेला लेख वाचण्यासाठी खडू घासू नये की तेल लावू नये. आरशाने उन्हाची तिरीप दगडावर आडवी पाडली की खोदाईच्या कडांना सावली येते आणि पुसट वाटणारे अक्षर उठून दिसते.

खारा वारा आणि पावसाळा हे येथले मोठे शत्रू. दगडात मुरलेले मीठ उन्हाळ्यात स्फटिक होऊन पृष्ठभागाचे पापुद्रे काढते. जांभ्यात हे लवकर दिसते. सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडतो, म्हणून डागडुजीस चुनाच योग्य. धुण्यास गोडे पाणी व मऊ कुंचला पुरे. तारेचा ब्रश आणि आम्ल यांनी शेवाळाबरोबर अक्षरेही जातात. थडग्यात शिरलेले झाडाचे मूळ ओढून काढू नये. खोड जमिनीलगत कापून मूळ जागीच कुजू द्यावे.

दफनभूमी कुलूपबंद ठेवणे हे संरक्षण नव्हे. माणसांची ये-जा असलेल्या जागेत अतिक्रमण आणि राडारोडा टाकणे लगेच लक्षात येते. मात्र प्रवेशाला शिस्त हवी. लेखरहित कबरींवरून पाय पडू नये म्हणून आखलेली पायवाट असावी व माहितीफलक फाटकापाशीच लावावा. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, ज्यू लोक कबरींना भेट देत नाहीत. पुरोहितवंशीय कोहेन दफनभूमीत शिरत नाहीत, त्यांना बाहेरून दर्शन घेता येईल असे कुंपण ठेंगणे असावे. बाहेर पडताना हात धुण्याची रीत असल्याने फाटकाशी पाण्याची सोय लागते. धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने दफनभूमीत शिरणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३०१व्या कलमाखाली गुन्हा आहे.

भेटीला आलेला ज्यू माणूस कबरीवर फुलांऐवजी एखादा खडा ठेवतो. त्यासाठी जुन्या थडग्याचाच दगड उचलला जाऊ नये म्हणून फाटकापाशी खड्यांची रास घालून ठेवावी, आणि झाडणाऱ्याने पालापाचोळा तेवढा काढून खडे जागच्या जागी राहू द्यावेत.