कौटुंबिक हिंसापीडितांसाठी समन्वित सेवा (सातारा व सांगली जिल्हे)

घरात मारहाण, मानसिक छळ, हुंड्यासाठी जाच, पैशाची कोंडी किंवा घराबाहेर काढले जाणे सोसणाऱ्या स्त्रीला व तिच्या मुलांना पोलीस, दवाखाना, निवारा, वकील आणि समुपदेशन ही मदत परस्परांशी जोडून मिळावी, यासाठी उभारलेली शासकीय व स्वयंसेवी व्यवस्था. ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ (अंमल २६ ऑक्टोबर २००६) हा तिचा कायदेशीर आधार होय.

या पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ शहरात १९८०–८१ च्या सुमारास पोलीस, न्यायालय व स्त्री-निवारे यांना एका कार्यपद्धतीत बांधण्याचा प्रयोग झाला. तोच जगभरच्या अशा सेवांचा मूळ नमुना, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार महाराष्ट्रापुरता आरंभ १९८४ सालचा. त्या वर्षी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पोलिसांच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसू लागली. काही लेखक याहून मागे जातात. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध केलेला कायदा आणि १९४३–४६ या काळातील साताऱ्याच्या प्रतिसरकारची न्यायदान मंडळे यांचा ते दाखला देतात. (सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता, तो १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला.) मंडळांपुढे सावकारी व जमिनीबरोबर घरगुती तंटेही येत, असे सांगितले जाते. तरी त्यांचा धागा आजच्या सेवांपर्यंत आणणे ओढूनताणून वाटते. दवाखाना नि निवारा त्यांच्या कक्षेत नव्हता आणि गावचा निवाडा हा गावचाच राहिला.

स्थानिक दृष्ट्या अधिक महत्त्वाची ती १९८० च्या दशकातील परित्यक्तांची चळवळ. कासेगावच्या इंदुताई पाटणकर यांच्या पुढाकाराने स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीने सांगली जिल्ह्यात नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांना संघटित केले. पोटगीवर न थांबता स्वतंत्र शिधापत्रिका, राहायला जागा आणि कसायला जमीन अशा त्यांच्या मागण्या होत्या. वाळवा तालुक्यातील बहे येथे जमिनीच्या मागणीसाठी लढाही झाला. २००५ च्या अधिनियमातील निवासाचा हक्क (कलम १७ व १९) या मागण्यांच्या जवळ जातो. सेवांचा आराखडा मुंबईच्या कक्षाकडून आला आणि त्यामागचा हक्काचा विचार या चळवळीने रुजवला, असे मानणे सयुक्तिक दिसते.

व्यवस्थेच्या मध्यभागी संरक्षण अधिकारी असतो. पीडितेचा कौटुंबिक घटना अहवाल तयार करणे, तिला विधी सेवा प्राधिकरणाकडे, निवाऱ्यात वा वैद्यकीय तपासणीस पाठवणे, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १२ चा (दाद मागण्याचा) अर्ज पोचवणे आणि नोटीस बजावणे ही त्याची कामे. पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत, असे कायदा सांगतो. दोन्ही मुदती क्वचितच पाळल्या जातात. संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद वा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बोलीत ‘डीव्ही टाकणे’ (या अधिनियमाखाली अर्ज करणे) व ‘चारशे अठ्ठ्याण्णव करणे’ (जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ खाली छळाची तक्रार करणे) यांची सरमिसळ होते. पहिला मार्ग मुख्यतः दिवाणी स्वरूपाचे संरक्षण देतो. दुसरा फौजदारी गुन्ह्याचा; १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली येतो.

अर्ज कोणत्या न्यायालयात करायचा हे सांगणाऱ्या अधिनियमाच्या कलम २७ ला स्थलांतरामुळे या भागात विशेष महत्त्व आले आहे. विटा, खानापूर, आटपाडी पट्ट्यातील गलाई व्यावसायिक (सोने-चांदी गाळणारे) देशभर विखुरले आहेत. पाटण, जावळीकडचे अनेकजण मुंबईत माथाडी काम करतात. छळ परराज्यात झाला तरी पीडिता जिथे तात्पुरती राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करू शकते, म्हणजे माहेरी आलेल्या बाईला विट्यातच दाद मागता येते. अडते ते नोटिशीपाशी. कायद्याला ती दोन दिवसांत किंवा न्यायालय देईल त्या वाजवी मुदतीत बजावायला हवी असते, आणि नवऱ्याचा पत्ता तमिळनाडूतल्या एखाद्या बाजारपेठेतला असतो.

समुपदेशन हा वादाचा विषय राहिला आहे. हिंसेचे समर्थन करण्यास समुपदेशनात वाव नाही, असे २००६ च्या नियमांतच म्हटले आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यभर सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचा कल मात्र तंटा गावातच मिटवण्याकडे होता (मोहिमेमागचे तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील हे तासगाव तालुक्यातील अंजनीचे). मिटले म्हणजे बाई परत नांदायला गेली, असा अर्थ गावात सहज घेतला जातो.

पीडितेला सर्व मदत एकाच छताखाली देणारे ‘सखी’ वन स्टॉप सेंटर ही २०१५ पासूनची केंद्रीय योजना. तीत साधारण पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा मिळतो. १८१ ही महिला मदतवाहिनी, तर तातडीसाठी ११२. मोफत वकील मिळण्यास स्त्रीला उत्पन्नाची अट नाही (विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७, कलम १२). आरोग्य खाते हा या व्यवस्थेतील अशक्त दुवा. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २०००–०१ मध्ये सुरू झालेल्या ‘दिलासा’ या हिंसापीडित स्त्रियांच्या समुपदेशन केंद्रासारखी सोय ग्रामीण रुग्णालयांत सहसा आढळत नाही. ‘पाय घसरून पडले’ एवढीच नोंद केसपेपरावर होते.

स्वयंसेवी संस्थांत साताऱ्यात अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांचे दलित महिला विकास मंडळ (१९९०) आणि सांगलीत मीना सेषू यांची संग्राम (१९९२) या प्रमुख होत. संग्रामच्या कामातून पुढे आलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषद या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेमुळे या चर्चेत एक अवघड प्रश्न शिरला. लग्नाविना सोबत राहणाऱ्या जोडीदाराकडून मार खाणाऱ्या स्त्रीला अधिनियमाचा लाभ मिळतो का? ‘विवाहसदृश संबंध’ ही कायद्याची संज्ञा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये वेलुसामी प्रकरणी तिचा अर्थ संकुचित केला. घरातील स्त्रीविरुद्ध, म्हणजे सासू-नणंदेविरुद्धही अर्ज चालतो, हे मात्र २०१६ च्या हिरल हरसोरा निकालाने निर्विवाद झाले. वृद्धांसाठी २००७ चा स्वतंत्र कायदा आहे.

महाराष्ट्रात आरंभी संरक्षण अधिकाऱ्याचे काम इतर खात्यांतील अधिकाऱ्यांकडे जादा कार्यभार म्हणून होते; पूर्णवेळ नेमणुका नंतरच्या. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा व तालुका पातळीवर हे अधिकारी निश्चित करण्यासाठी राज्यांना सहा आठवड्यांची मुदत दिली.