आधी दिसलं, मोजता आलं नंतर: स्पेक्ट्रम ॲनालायझरची पार्श्वभूमी

घोडबंदर रोडच्या एखाद्या बाल्कनीत अँटेना लावून, टीव्हीसाठी निघालेला स्वस्त डोंगल लॅपटॉपला जोडला की मुंबईची एफएम केंद्रं स्क्रीनवर दिसू लागतात. ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, प्रत्येकात ०.८ मेगाहर्ट्झचं अंतर. डोंगलचा आवाका जेमतेम २.४ मेगाहर्ट्झ, त्यामुळे एका वेळी दोन-तीनच उंचवटे मावतात. पण यातलं कुठलं केंद्र किती डीबीने (डेसिबेल, सिग्नलच्या जोरातला फरक मोजायचं एकक) जोरात येतंय, याचं भरवशाचं उत्तर तिथे मिळेलच असं नाही. असं चित्र काढणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे स्पेक्ट्रम ॲनालायझरच्या, इतिहासात हीच अडचण बरीच वर्षं होती.

सुरुवात एडविन आर्मस्ट्राँगच्या १९१८ सालच्या सुपरहेटरोडाइन रिसीव्हरपासून धरावी लागते. आतल्या ऑसिलेटरची (ठरावीक फ्रिक्वेन्सीचा सिग्नल तयार करणाऱ्या सर्किटची) फ्रिक्वेन्सी बदलली की वेगळं केंद्र लागतं. हेच काम हाताने न करता ऑसिलेटर आपोआप फिरवला आणि ऑसिलोस्कोपचा (सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाचा) ठिपका त्याच्याबरोबर सरकवला, की अख्खा बँड समोर उमटतो. दुसऱ्या महायुद्धात असे ‘पॅनोरामिक’ रिसीव्हर टेहळणीसाठी वापरात होते, आणि एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत रडारचे पल्स तपासायलाही हीच युक्ती कामी आली.

मात्र उंचवट्यांच्या उंचीवर विश्वास टाकायची सोय नव्हती. फ्रिक्वेन्सी बदलली की यंत्राची संवेदनशीलताही बदलायची. मग सिग्नल जनरेटरमधून माहीत असलेला सिग्नल सोडून उंची जुळवत बसायचं, वेळखाऊ काम. हे बदललं १९६४ साली, ह्युलेट-पॅकार्डच्या ८५५१ मॉडेलमुळे. एका दमात २ गिगाहर्ट्झचा पट्टा दिसायचा आणि पट्टी कॅलिब्रेट केलेली (माहीत असलेल्या मापाशी जुळवलेली), म्हणजे दोन सिग्नलांतला फरक थेट स्क्रीनवरून वाचता यायचा. माझ्या मते स्पेक्ट्रम ॲनालायझर खऱ्या अर्थाने तेव्हा जन्मला.

पुढच्याच वर्षी कूली आणि ट्यूकी यांची एफएफटीची, म्हणजे सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी झटपट वेगळ्या काढायच्या गणिताची, रीत आली. डोंगलकडून आलेल्या सिग्नलचं चित्र लॅपटॉप त्याच गणिताने काढतो. २०१२च्या सुमारास हौशी मंडळींनी टीव्हीच्या डोंगलचा रेडिओ करून टाकला. बघणं स्वस्त झालं, मोजणं मात्र नाही. महापे-रबाळेकडच्या टेस्टिंग लॅबमधल्या ॲनालायझरवर कॅलिब्रेशनचं स्टिकर आणि पुढची तारीख असते, ती उगाच नाही.

डोंगलवर तुलना करायचीच तर आधी ऑटो गेन (सिग्नलनुसार आपोआप कमी-जास्त होणारं वर्धन) बंद करावा. रिझोल्यूशन बँडविड्थही (एका वेळी मोजला जाणारा फ्रिक्वेन्सीचा तुकडा किती रुंद, ते) दोन्ही वेळा तीच हवी: ती दहापट वाढवली की नॉइज फ्लोअर (सिग्नल नसतानाही दिसणारी खरखरीची पातळी) १० डीबीने वर येतो, आणि सुमारे २०० किलोहर्ट्झ रुंदीचा एफएम सिग्नल अरुंद बँडविड्थमध्ये आहे त्यापेक्षा बुटका दिसतो.