बफरिंग

इंटरनेटवरून येणारे चित्र आणि आवाज आल्या क्षणी न दाखवता त्यांचा काही सेकंदांचा भाग आधी साठवून घ्यायचा आणि मग त्या साठ्यातून दाखवत राहायचे, या क्रियेला बफरिंग म्हणतात. साठा ज्या स्मृतीत राहतो ती म्हणजे बफर. रोजच्या बोलण्यात या शब्दाचा अर्थ मात्र उलटा झाला आहे. चित्र थांबून पडद्यावर गोल चकती फिरू लागली की ‘बफरिंग होतंय’ असे म्हटले जाते. ज्या सोयीमुळे एरवी चित्र अडत नाही, तिचे नाव ती सोय संपल्याच्या क्षणाला चिकटले आहे.

अँटेना किंवा उपग्रहाच्या दूरचित्रवाणीत एकच लहर सगळ्यांसाठी असते. प्रेक्षक दहा असोत वा दहा लाख, तिला फरक पडत नाही. इंटरनेटवर बहुतेक सेवा प्रत्येक घराला स्वतंत्र प्रत पाठवतात आणि तीही पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांत. ही पॅकेटे ठरल्या वेळी पोहोचतील याची हमी इंटरनेट देत नाही. काही लवकर येतात, काही रेंगाळतात, काही हरवतात. हरवलेले पुन्हा पाठवले जाईपर्यंत त्यामागची सगळी खोळंबतात. इकडे टीव्हीला मात्र सेकंदाला २५ किंवा ३० फ्रेम (एकामागोमाग दाखवायची स्थिर चित्रे) बिनचूक हव्या असतात. जमा अनियमित आणि खर्च ठरलेला, अशा संसारात गाठीशी शिल्लक लागते. बफर म्हणजे ती शिल्लक.

हे सगळे शक्य झाले ते चित्र दाबून लहान करता येते म्हणून. १९२० × १०८० पिक्सेलचे, प्रत्येक पिक्सेलला २४ बिट आणि सेकंदाला २५ फ्रेम असे कच्चे चित्र पाठवायचे झाले तर सेकंदाला सुमारे १.२४ गिगाबिट लागतील. एच.२६४ (२००३), एचईव्हीसी (२०१३) आणि एव्ही१ (२०१८) या संकोचन पद्धतींमुळे तेच काम सेकंदाला ५ मेगाबिटच्या आसपास भागते, म्हणजे सुमारे अडीचशेपट कमी. ५ मेगाबिटचा प्रवाह तासाला सव्वादोन गिगाबाइट डेटा खातो आणि फोर-के चित्राचा १५ मेगाबिटचा प्रवाह पावणेसात. (जोडणीचा वेग बिटमध्ये आणि डेटाचा साठा बाइटमध्ये सांगायची पद्धत आहे. एका बाइटचे आठ बिट होतात, हे विसरले की हिशेब हमखास चुकतो.)

आजचे प्रवाहन (स्ट्रीमिंग) ज्या युक्तीवर उभे आहे ती तुलनेने नवी आहे. अ‍ॅपलची एचएलएस पद्धत २००९ मध्ये आली आणि एमपेग-डॅश हे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींची कल्पना एकच: कार्यक्रमाचे काही सेकंदांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा धूसर ते स्वच्छ अशा अनेक दर्जांत तयार ठेवायचा. पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागायचा हे सहसा सर्व्हर ठरवत नाही. टीव्हीतले प्लेअर मागचे तुकडे किती वेगाने आले आणि बफरमध्ये किती सेकंद शिल्लक आहेत हे पाहून ठरवते. म्हणूनच चित्रपट सुरू होताना क्षणभर पुसट दिसतो आणि मग उजळतो. जोडणी मंदावली की प्लेअर दर्जा उतरवते, पण चित्र चालू ठेवते. ही तडजोड योग्यच म्हणावी लागेल. पुसट चेहरा डोळा खपवून घेतो, अर्धवट तुटलेले वाक्य कानाला खपत नाही.

मोठ्या सेवा कार्यक्रमांच्या प्रती ग्राहकांच्या जवळपासच्या सर्व्हरवर आधीच नेऊन ठेवतात. त्यामुळे दूरच्या प्रवासात होणारी अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. अडथळा उरतो तो बऱ्याचदा शेवटच्या काही मीटरांत, घराच्या आत. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण इथे अनेकदा उलटी लागू पडते: आडात पाणी भरपूर असते, पोहराच गळका असतो.

सरासरी वेग आणि सातत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सतत १० मेगाबिट देणारी जोडणी एचडी चित्र सुखाने चालवते. १०० मेगाबिट देणारी पण मधूनच अर्धा मिनिट शून्यावर येणारी जोडणी चकती फिरवते. राउटरशेजारी उभे राहून फोनवर मोजलेला वेग पलीकडच्या खोलीतल्या टीव्हीविषयी फारसे काही सांगत नाही. वायफायमध्ये एका वाहिनीवर (चॅनेलवर) एका वेळी सहसा एकच उपकरण बोलू शकते, बाकीची थांबतात. त्या ‘बाकीच्यां’त शेजारच्या घरांतली उपकरणेही आली. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन (१, ६ आणि ११) आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गोंगाट करतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतो. राउटर कपाटात किंवा टीव्हीच्या मागे दडवणे दिसायला नीटनेटके असले तरी लहरींच्या दृष्टीने वाईट. मधे रिपीटर (वायफाय पुढे पोहोचवणारे उपकरण) लावल्यास तो घेणे आणि देणे एकाच रेडिओवर करत असेल तर वेग निम्म्यावर येतो.

सर्वांत खात्रीचा उपाय सर्वांत जुना आहे: राउटरपासून टीव्हीपर्यंत इथरनेटची केबल. यात एक गंमत आहे. अनेक टीव्हींचे इथरनेट पोर्ट १०० मेगाबिटचेच असते, त्यामुळे वेग मोजला तर कधीकधी वायफाय जिंकते. तरीही चित्र केबलवरच कमी अडते, कारण तो वेग हलत नाही.

बफर टीव्हीत असला तर उपकारक, राउटरमध्ये अति मोठा असला तर अपायकारक. घरातले एखादे उपकरण फोटोंचा मोठा संच वर चढवू लागले की राउटरमध्ये पॅकेटांची लांबलचक रांग लागते, आणि टीव्हीने पुढच्या तुकड्यासाठी पाठवलेली चिमुकली मागणीही त्याच रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहते. उतरता वेग भरपूर असूनही चित्र अडण्यामागे हे एक कारण असते. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दोषाला ‘बफरब्लोट’ हे नाव दिले. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली कोडेल पद्धत आणि तिच्यातून पुढे आलेली एफक्यू-कोडेल या रांगा आखूड ठेवतात. राउटरमध्ये अशी सोय असेल तर ती चालू करणे वेगवान जोडणी विकत घेण्यापेक्षा अनेकदा जास्त उपयोगी ठरते.

थेट प्रक्षेपणात शिल्लक साठवण्याची किंमत उशिराने मोजावी लागते. एचएलएसमध्ये प्लेअरने ताज्या टोकापासून निदान तीन तुकडे मागे राहावे असा संकेत आहे. तुकडे १० सेकंदांचे असतील तर सामना अर्धा मिनिट उशिरा दिसतो आणि शेजारचा जल्लोष आधी ऐकू येतो. २०१९ मध्ये अ‍ॅपलने जाहीर केलेल्या कमी विलंबाच्या एचएलएसमध्ये तुकड्यांचेही तुकडे पाठवले जातात. उशीर घटतो, पण शिल्लकही घटते, म्हणून घरातले वायफाय डळमळीत असेल तर थेट सामना चित्रपटापेक्षा आधी अडखळतो.

प्रत्येक धक्क्याचा दोष नेटवर्कला देता येत नाही. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा आणि पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवणारा असेल तर एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते. त्यामुळे कॅमेरा सावकाश आडवा फिरताना चित्र उसळ्या घेत सरकते. चांगल्या जोडणीवरही चित्र सतत पुसटच राहत असेल तर कारण अनेकदा हक्कसंरक्षणाचे असते: उपकरणाला आवश्यक प्रमाणपत्र नसेल, किंवा एचडीएमआय केबलने जोडलेल्या उपकरणांची साखळी एचडीसीपीची (नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाची) हवी ती आवृत्ती पाळत नसेल, तर सेवा वरचा दर्जा पाठवतच नाही. ओळखायची खूण सोपी आहे. चकती फिरली तर बफर रिकामा झाला. चकती न फिरता चित्र अडखळत असेल तर तोच कार्यक्रम उपकरणावर उतरवून पाहावा. तरीही अडखळला, तर राउटर निर्दोष.